आधी धार, मग पाय

५ जानेवारी, सोमवार

लेथ आला. बंद पडलेल्या एका फर्निचर कारखान्यातला, म्हणजे वापरलेला, पण जातिवंत. टेम्पोवाल्याने विचारलं, साहेब, याचं करणार काय? म्हटलं, कातकाम, लाकूड गरगर फिरवून त्याला आकार द्यायचा. तो म्हणाला, बरं.

मागच्या खोलीत बसवला. हिचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत सरकवलं. ही काही बोलली नाही. आनंद झाला असावा.

आजपासून रोजनिशी. झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघायचो तेव्हा हाताखालच्या पोरांना एकच सांगायचो, लिहिलं नाही ते झालंच नाही. रिटायर झालो म्हणून नियम बदलत नाही.

पहिला जॉब ठरलेला. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांच्या पलंगाचा उशाकडचा एक पाय आतून पोखरून मोडला. बाकीचे तीन ठणठणीत. पाय कातीव आहेत, एकावर एक गोळे, मध्ये कंगोरे, खाली निमुळते. सध्या त्या कोपऱ्याखाली विटांची चवड. ही म्हणाली, सुताराला बोलावते. म्हटलं, घरात लेथ असताना सुतार? रविवारपर्यंत पाय उभा करतो. सासूबाई आतून म्हणाल्या, कुठला रविवार तेही लिहून ठेवा.

त्यांचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी.

७ जानेवारी, बुधवार

पहिला प्रयोग. लाकूड लेथवर बसवलं, चालू केलं, हत्यार टेकवलं. हत्यार लाकडात रुतलं. लाकूड सुटलं, भिंतीवर आपटलं, तिथून पंख्यावर, तिथून माझ्या चपलेपाशी. मी बाजूला उभा होतो. अनुभव.

रूट कॉज काढलं. हत्याराला धार नाही. सेट नवाकोरा आहे, पण व्हिडिओतला दाढीवाला स्पष्ट सांगतो की कंपनीची धार ही धारच नव्हे. बोथट हत्याराने कातकाम करणारा माणूस लाकडाशी मारामारी करतो. मी मारामारी करणाऱ्यातला नाही.

निर्णय : आधी धार, मग पाय.

११ जानेवारी, रविवार

पाय नाही. पण ग्राइंडर आला. टेबलावर बसणारा, दोन चाकांचा. पायाला एक आठवडा मुदतवाढ. सासूबाईंना रीतसर कळवलं. त्या म्हणाल्या, विटांची सवय होतेय.

संध्याकाळी गाउजला धार लावली. गाउज म्हणजे पन्हळीच्या आकाराची पटाशी, कातकामातलं मुख्य हत्यार. ठिणग्या उत्तम उडाल्या. ही दारात येऊन बघून गेली आणि परत येऊन पाण्याची बादली ठेवून गेली. काळजी करते.

१४ जानेवारी, बुधवार

गाउजचं टोक निळं झालं. दिसायला छान दिसत होतं. मग दाढीवाल्याचा पुढचा व्हिडिओ बघितला. साधं पोलाद निळं पडलं की त्याचा जीव गेला, ती धार टिकत नाही, तेवढा भाग घासून काढावा. घासून काढला. काढताना पुढचा भाग निळा झाला. तोही काढला.

धारेचा उतार एकसंध हवा, माझ्याला पैलू पडलेत. दागिन्यात खपले असते.

दोष हाताचा नाही. मोकळ्या हाताने हे कुणालाच जमत नाही. त्यासाठी जिग असते. मागवली.

१८ जानेवारी, रविवार

जिगची वाट बघतोय. अशा वेळी पायाला हात लावणं म्हणजे प्रोसेसचा अपमान.

दुपारी सासूबाई शब्दकोडं घेऊन आल्या. हा आमचा रोजचा कार्यक्रम. मी आडवे शब्द सांगतो, त्या उभे सांगतात आणि माझे आडवे खोडतात. आज म्हटलं, वेळ नाही, व्हिडिओ बघायचेत. त्या म्हणाल्या, बघा. जाताना माझा पेन घेऊन गेल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

जिग आली. जिग म्हणजे काय ते सासूबाईंना समजावून सांगितलं, कारण दुसरं कुणी घरात नव्हतं. चाकाखालून एक दांडा पुढे येतो. दांड्याच्या टोकाला खाच. हत्यार एका पकडीत कसायचं, पकडीचा पाय त्या खाचेत ठेवायचा आणि हत्यार डावीकडून उजवीकडे झुलवायचं. कोन आपोआप तोच राहतो. प्रत्येक वेळी तोच. माणसाची चूक होण्याची सोयच ठेवलेली नाही.

सासूबाई म्हणाल्या, म्हणजे हिलाच पाय आहे आधी.

२४ जानेवारी, शनिवार

ऐतिहासिक दिवस. उताराला मार्करने काळं केलं, चाक हाताने थोडं फिरवलं, काळं कुठे खरवडलं ते बघितलं, दांडा मागेपुढे केला. असं करत करत शेवटी काळं सगळीकडून सारखं निघालं. मग मोटर चालू. एक उतार, एकसंध, काचेसारखा. डाव्या हातावरचे केस साफ भादरून निघाले. ही धारेची शास्त्रीय चाचणी आहे.

हिला दाखवलं. ती म्हणाली, लाकडावर बघितलंत का?

लाकडावर सोमवारी.

२६ जानेवारी, सोमवार

लाकडावर बघायचं होतं, पण सकाळी टोपीवाला सापडला. हा दुसरा व्हिडिओवाला. दाढीवाला धारेचा कोन चाळीस अंश म्हणतो. टोपीवाला म्हणतो चाळीस अंश म्हणजे अडाणीपणा, पंचेचाळीसच हवेत. त्याचे फॉलोअर्स जास्त आहेत.

पंचेचाळीस केले. सबंध उतार नव्याने काढावा लागला. पोलाद बरंच गेलं. गुणवत्तेची किंमत.

१ फेब्रुवारी, रविवार

पाय पुढच्या रविवारी नक्की.

४ फेब्रुवारी, बुधवार

दाढीवाल्याने टोपीवाल्याला उत्तर दिलंय. चाळीसच. त्याचा मुद्दा पटतो. चाळीस केले.

पाचही हत्यारांना केले. एकाला चाळीस आणि दुसऱ्याला पंचेचाळीस असं आमच्याकडे झाकणांनासुद्धा चाललं नसतं. नंतर कळलं की तो फक्त गाउजबद्दल बोलत होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

करड्या चाकाने पोलाद तापतं. पांढरं चाक थंड राहतं. पांढरं चाक मागवलं, बसवलं. ते थोडं हिंदकळत होतं, म्हणून ते गोल करायला हिऱ्याची कणी बसवलेलं एक हत्यार येतं तेही मागवलं होतं. म्हणजे आता हत्यारांना धार लावणारं चाक, आणि चाकाला ठीक करणारं हत्यार. सासूबाईंनी विचारलं, आणि त्या हत्याराला? म्हटलं, हिऱ्याला काही लागत नाही. त्या म्हणाल्या, सुटलो.

चाक गोल करताना धूळ उडते. मागच्या अंगणात दोरीवर एका शाळेच्या गणवेशाचे पांढरे शर्ट होते, हिने शिवून, धुऊन वाळत टाकलेले. ते आता पांढरे नाहीत. शाळेला करडा रंग सुचवून बघायला हरकत नव्हती, पण हिची मनःस्थिती बघून सुचवलं नाही.

सगळे शर्ट मी पुन्हा धुतले. कातकामात संयम लागतो म्हणतात, तो असा येतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

साडू आला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फरशीचं दुकान आहे, त्यामुळे कुठेही गेला तरी आधी खाली बघतो. खाली बघितलं तर विटा. म्हणाला, साडूभाऊ, हे नवीन डिझाइन का? सासूबाईंसमोर म्हणाला.

त्याला मागच्या खोलीत नेलं. ग्राइंडर, जिग, पांढरं चाक, सगळं दाखवलं. धार दाखवली. त्याने ती लांबूनच बघितली. मग म्हणाला, आणि बनवलं काय? म्हटलं, धार ही स्वतंत्र विद्या आहे. तो म्हणाला, हो, पण बनवलं काय?

व्यापारी माणसाला प्रोसेस कळत नाही. फक्त माल कळतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे बीपी बघायला गेलो होतो. पट्टा बांधताना त्यांनी हातावरचे केस कधीपासून जातायत असं विचारलं. मी धारेचं सांगितलं. त्यांनी बीपी पुन्हा घेतलं.

आजपासून चाचणी उजव्या हातावर.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिने कात्री आणून दिली. कापड कापायची मोठी, लोखंडी, हिच्या आईने दिलेली. म्हणाली, एवढं सगळं मांडलंय तर हिला लावून द्या. कात्री हे आपलं क्षेत्र नव्हे. पण घरचं गिऱ्हाईक. दोन्ही पाती सोडवली, मार्कर, जिगचा सपाट टेकू, हलक्या हाताने दोन फेऱ्या, मग बारीक दगडावर खरखर काढली. अर्ध्या तासात दिली.

हिने कापडाच्या चार घड्या एकावर एक ठेवल्या आणि कात्री नुसती पुढे ढकलली. तोंड मिटलंच नाही, कापड मात्र दुभंगत गेलं. ही कात्रीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. म्हणाली, किती वर्षांनी.

किरकोळ काम होतं. यात वेळ घालवायला नको होता.

३ मार्च, मंगळवार

किरकोळ कामाची बातमी फुटली. समोरच्या बाई दोन सुऱ्या घेऊन आल्या. त्यांच्या मागून त्यांची जाऊ. मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर झाडं छाटायची कात्री घेऊन. मी काय दारोदार फिरणारा धारवाला आहे का, असं हिला विचारलं. ती म्हणाली, तो बसल्या जागी मिळत नाही.

लावून दिल्या. छाटणीची कात्री अवघड होती, पात्याला बाक असतो, त्यासाठी टेकू वेगळा करून घेतला. मास्तरांनी तिथल्या तिथे माझ्या कुंडीतलं एक झाड छाटून बघितलं.

या सगळ्यात पाय मागे पडतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

९ मार्च, सोमवार

कोपऱ्यावरचा सुतार आला. मला वाटलं हिने पायासाठी बोलावला. तसं नव्हतं. त्याच्या रंध्याची पाती घेऊन आला होता. म्हणाला, मास्तरांची कात्री बघितली, आपल्या दुकानात अशी धार कुणाला येत नाही, मलाही नाही. मग म्हणाला, तुम्ही माझी पाती लावत जा, मी तुमच्या पलंगाचा पाय करून देतो, तासाभराचं काम.

पाती ठेवून घेतली. पायाचं नम्रपणे नाकारलं. म्हटलं, तो माझा जॉब आहे. सुतार म्हणाला, कधी लागणार? म्हटलं, रविवारी. सासूबाईंना आतून खोकला आला.

१० मार्च, मंगळवार

दुपारचं शब्दकोडं सासूबाई आता एकट्याच सोडवतात. संध्याकाळी टेबलावर पूर्ण भरलेलं सापडतं. आज आडवे शब्द तपासले. एकही चूक नव्हती. तपासणी म्हणून सांगतो, थोडं बरं वाटलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

घसरलं.

सकाळी सासूबाई पलंगावरून उतरत होत्या. विटा सरकल्या. कोपरा खाली गेला, त्या भिंतीकडे कलंडल्या, खांद्याला मार लागला. हाड मोडलेलं नाही. फोटो काढला, डॉक्टरांनी गळपट्टीत हात बांधला. खांदा काळानिळा.

मी मागच्या खोलीत होतो. ग्राइंडर चालू होता, ऐकू आलं नाही.

ही माझ्याशी एकच वाक्य बोलली. म्हणाली, विटा तुम्ही रचल्या होत्या.

गोष्ट खरी आहे. रचताना तपासल्या होत्या. तेव्हा टॉलरन्समध्ये होत्या.

१९ मार्च, गुरुवार

सासूबाई दिवाणावर झोपतात. दिवाण आखूड आहे, पाय बाहेर राहतात. ही जेवायला वाढते, बोलत नाही.

साडूचा फोन आला. म्हणाला, आई आमच्याकडे येऊ देत. पाच एप्रिलला, रविवारी, गाडी घेऊन येतो. खाली फरशी नवी टाकलीय, घसरत नाही. ही हो म्हणाली. मी बाजूलाच होतो. मला विचारण्याचा प्रश्न नव्हता, त्यांची आई.

सासूबाईंना विचारलं, तिकडे बरं वाटेल ना? त्या म्हणाल्या, तिकडे टीव्ही सकाळी लागतो तो झोपतानाच बंद होतो. आणि जावई कोडं फोनवर बघून सोडवतो.

मग डोळे मिटून पडून राहिल्या.

२० मार्च, शुक्रवार

निश्चय. पाच तारखेच्या आत पाय. आता कुठलाही व्हिडिओ नाही. दाढीवाला बंद, टोपीवाला बंद. उद्या एकदा शेवटची धार आणि काम सुरू.

२१ मार्च, शनिवार

अडचण. जिगच्या पकडीतून हत्यार ठरावीक लांबीचं पुढे यावं लागतं, आणि मागे मुठीपर्यंतही काही उरावं लागतं. गाउज पकडीत बसवला तर मूठच पकडीला अडते. म्हणजे गाउज संपला. इतका झिजलाय की त्याला आता धार लावता येत नाही.

दुसरा गाउजही तसाच. विकत घेतला तेव्हा वीतभर होता, आता माझ्या अंगठ्याएवढा. झिजला म्हणायचं नाही. वापरला.

लाकडाला मात्र दोन्ही अजून लागलेले नाहीत.

२२ मार्च, रविवार

नवा गाउज मागवला. पोचायची तारीख आठ एप्रिल दाखवतात. फोन करून सांगितलं, माझी सासू पाच तारखेला जाणार आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, सर, सो सॉरी फॉर युअर लॉस.

२६ मार्च, गुरुवार

उरलेल्या तीन हत्यारांत कामाची दोनच, एक तिरकी पटाशी आणि एक अरुंद चपटी. तिरकीला हात लावायला दाढीवालासुद्धा घाबरतो. तरी सुरुवात केली. पहिलं लाकूड रुतून फुटलं. मी तसाच उभा होतो, तुकडा कानाजवळून गेला. दुसरं गोल झालं. खरोखर गोल. हात लावून बघितला, लेथ बंद करून. गुळगुळीत. कुणाला दाखवावं म्हणून बाहेर आलो तर ही दिवाणाशी बसून आईच्या खांद्याला मलम लावत होती. परत आत गेलो.

एवढ्यात शिकलो ते इतक्या दिवसांत शिकलो नव्हतो. अर्थात धारेची पूर्वतयारी नसती तर शिकलो नसतो.

३० मार्च, सोमवार

दुसऱ्या लाकडाला गोळे काढताना पटाशी सटकली आणि मधल्या गोळ्याभोवती नागमोडी चर पडला. तो घालवायला गोळा लहान केला. मग तो बाकीच्यांत विजोड दिसायला लागला, म्हणून बाकीचेही लहान केले. पाय मूळच्या निम्म्या जाडीचा झाला. डिझाइनमध्ये सुधारणा म्हणायला हरकत नाही, पण तो हातात धरला की लाटणं वाटतो.

ठेवून दिला. तिसरं लाकूड.

२ एप्रिल, गुरुवार

सुतार पाती घ्यायला आला. पांढऱ्या चाकावर, जिगमध्ये, बारीक दगडावर घासून तयार ठेवली होती. त्याने एक पातं रंध्यात बसवून माझ्याच एका फळकुटावर फिरवलं. सालपटं निघाली ती कागदासारखी, आरपार दिसणारी. सुतार खूश. मी लक्ष दिलं नाही, तिसरं लाकूड लेथवर होतं.

जाताना तो पलंगाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. ही त्याच्याशी दारात काही बोलली.

४ एप्रिल, शनिवार

झाला. पाय झाला.

गोळे आहेत, कंगोरे आहेत. वरचा एक कंगोरा मूळ पायात नाही, तो आपोआप आला. खालच्या टोकाला लाकूड थोडं फाटलं होतं, तेवढं कापून टाकलं. उंची किंचित कमी भरते. किंचित म्हणजे नगण्य. पलंगाला चार पाय असतात, थोडंफार ते आपापसात वाटून घेतात.

संध्याकाळी पलंगाला बसवला. बोल्ट आवळले. हिला बोलावलं. ती आली, वाकून बघितलं, हाताने पलंग हलवला. तो हलला. तिने माझ्या हातांकडे बघितलं. उजव्या तळव्याला फोड, डाव्या अंगठ्याला पट्टी. मग, गळपट्टी बांधल्या दिवसानंतर पहिल्यांदाच, नीट बोलली. म्हणाली, बाजारात जा आणि पॉलिशचा डबा घेऊन या, चांगल्या दुकानातला, लांबच्या. घाई करू नका.

गेलो. चांगल्या दुकानात त्यांच्याकडे शेड होत्या सतरा प्रकारच्या. परत आलो तेव्हा सुतार हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडत होता. म्हणाला, एक पातं राहिलं होतं ते न्यायला आलो. मी म्हटलं, सगळी नेली होतीस की. तो म्हणाला, हो का?

भाबडा माणूस.

पॉलिशचा एक हात दिला.

५ एप्रिल, रविवार

हा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

साडू आला, गाडी दारात. सासूबाईंची पिशवी भरून तयार. मी म्हटलं, निघण्याआधी एकदा पलंग बघा. सासूबाई बसल्या. मग आडव्या झाल्या. मग या कुशीवरून त्या कुशीवर, दुखरा खांदा सांभाळत. पलंग दगडासारखा. कालपर्यंत हलत होता तो आज जरासुद्धा हलला नाही. पॉलिशने सांधे आवळले असणार, लाकूड फुगतं.

साडू खाली वाकला. फरशीवाला, नजर खालीच. माझ्या पायाकडे बघितलं, मग त्याच्या मागे कुठेतरी, मग हिच्याकडे. ही त्याच्याकडे बघत होती. तो उठला आणि गुडघे झटकले. म्हणाला, साडूभाऊ, जमलं बरं का.

सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, मी काही येत नाही आज. पलंग झालाय. साडू म्हणाला, गाडी आणलीय मी. त्या म्हणाल्या, मग चहा घेऊन जा.

तो गेला. पिशवी हिनेच रिकामी केली.

धार, जिग, कोन, सगळ्याचं सार्थक. आठ तारखेला नवा गाउज येतोय. उरलेले तीन पायही बदलून टाकावेत असा विचार आहे. माझ्या पायाशेजारी ते जुनाट दिसतात.

६ एप्रिल, सोमवार, दुपार

पायाचा फोटो काढून दाढीवाल्याच्या पानावर टाकायचा ठरवला. त्याच्याकडे जगभरचे लोक आपापलं काम टाकतात. नीट कोन मिळावा म्हणून जमिनीवर आडवा झालो. सासूबाई वर पलंगावर बसून शब्दकोडं सोडवत होत्या, त्यांची पावलं माझ्या डोक्याशी.

कॅमेऱ्यातून बघितलं तर पायाखाली उजेड.

कॅमेरा बाजूला ठेवून बघितलं. तरी उजेड. आजच्या पेपरचं एक पान घेतलं आणि पायाखालून सरकवलं. गेलं. दुमडून सरकवलं. गेलं. चौपदरी केलं, आरपार पलीकडे निघालं, कुठे अडलंसुद्धा नाही.

मग आत सरकलो. माझ्या पायाच्या मागे, पलंगाच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, एक चौकोनी ठोकळा. नवा, सागवानी, स्क्रूने बसवलेला, जमिनीला घट्ट टेकलेला. बाहेरून माझा पाय दिसतो, तो दिसत नाही. त्यावरून बोट फिरवलं. कुसळ लागलं नाही. रंधा मारलाय तो अगदी स्वच्छ, पातं उत्तम होतं.

तसाच पडून राहिलो. वरून सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, काय शोधताय?

म्हटलं, पेन पडला.

त्यांनी पावलं वर घेतली. मग म्हणाल्या, पेन माझ्याकडे आहे. बाहेर या, चौथा आडवा अडलाय.

बाहेर आलो. चौथा आडवा मलाही आला नाही.